इनामापासून उद्यानपंडितापर्यंत : धाराशिव जिल्ह्यातील बागायतदारांचा गौरव

महाराष्ट्र शासनाच्या कृषी पुरस्कारांत फळबागायतदारांसाठी वेगळा राखलेला मान म्हणजे उद्यानपंडित पुरस्कार. राज्याच्या आठ कृषी विभागांतून प्रत्येकी एका शेतकऱ्याची निवड व्हावी, अशी त्याची रचना आहे. धाराशिव जिल्हा लातूर कृषी विभागात मोडतो, त्यामुळे इथल्या बागायतदाराची गाठ लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोलीच्या बागायतदारांशी पडते. त्यांतल्या नांदेड-हिंगोलीच्या केळीला इसापूर आणि पूर्णा प्रकल्पांचे पाणी मिळते, परभणीला जायकवाडीचा कालवा आहे. धाराशिवच्या वाट्याला बालाघाटाचे माळ, उथळ जमीन आणि बेभरवशाचा पाऊस आला. जिल्ह्याच्या अंगावरूनच पाणलोटाची रेघ जाते : तेरणा आणि मांजरा गोदावरीकडे वाहतात, सीना आणि बोरी भीमेच्या वाटेने कृष्णेकडे. दोन्ही खोऱ्यांच्या शेंड्यावर बसलेल्या या मुलखात पाणी साचण्याआधी वाहून जाते. अशा जागी बाग उभी करणाऱ्याचा गौरव कोणी, कशासाठी आणि कोणत्या रूपात केला, याचा इतिहास पुरस्कारांच्या यादीपेक्षा बराच जुना आहे.

जुन्या काळी गौरव जमिनीच्या किंवा साऱ्याच्या रूपात मिळे. दख्खनच्या राज्यकर्त्यांना पडीक जमीन लागवडीला आणायची असे आणि बागाईत जमिनीचा सारा जिराइतापेक्षा जास्त येई. म्हणून नवी विहीर पाडणाऱ्याला, आमराई लावणाऱ्याला काही वर्षे कमी साऱ्याचा कौल देण्याची रीत होती. झाड फळाला येईपर्यंत सरकारने थांबायचे आणि मग हळूहळू पूर्ण दर लावायचा, असा हा व्यवहार. त्याला गौरव म्हणणे आजच्या कानाला विचित्र वाटेल, पण बाग लावणाऱ्याला तांब्याच्या पदकापेक्षा पाच वर्षांची सवलत अधिक उपयोगी होती, यात शंका नाही. गावगाड्यात माळ्याचे स्थान मात्र बेताचेच. अलुतेदारांच्या अनेक याद्यांत माळी येतो, तो फुले-भाजी पुरवणारा म्हणून, आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळच्या धान्यात मोजला जाई.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होता, सेवेबद्दल जमीन देण्याची पद्धत तपशीलवार बांधलेली होती. देवस्थानांची इनामे होती, निर्वाहासाठीची मदद-माश होती, चाकरीबद्दलची खिदमत-माश होती. तुळजापूरसारख्या मोठ्या देवस्थानाचा संसार अशा जमिनींवर आणि त्यांना जोडलेल्या सेवांवर चाले. या व्यवस्थेत मान पिढीजात होता. पणजोबाने केलेल्या चाकरीची जमीन पणतू खात असे, मग त्याने झाडाला कधी पाणी घातलेले असो वा नसो. हैदराबाद इनामे व रोख अनुदाने निर्मूलन अधिनियम, १९५४ या कायद्याने या व्यवस्थेचा मोठा भाग मोडीत निघाला. त्यानंतर बागायतदाराचा सन्मान करायचा तर तो व्यक्तीच्या स्वतःच्या कामाबद्दल, आणि तिच्यापुरताच, असे ठरले.

व्यक्तीच्या कामाला पदक देण्याची कल्पना तोवर इंग्रजी मुलखात रुळली होती. मराठीचे व्याकरण १८०५ साली छापणाऱ्या विल्यम केरी यांनी १८२० मध्ये कलकत्त्यात कृषी आणि उद्यानविद्येची संस्था स्थापन केली. पुण्यात १८३० साली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया उभी राहिली, एम्प्रेस गार्डन चालवणारी ती हीच. या संस्था प्रदर्शने भरवत, उत्तम फूल, उत्तम फळ, उत्तम भाजी यांना बक्षिसे देत. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला ६० वर्षे झाली त्या १८९७ साली व्हिक्टोरिया पदक सुरू केले. एका वेळी ते बाळगणाऱ्या हयात व्यक्तींची संख्या पुढे ६३ वर बांधली गेली, कारण राणीने तितकी वर्षे राज्य केले. या पदकामागे प्रदर्शनातल्या बक्षिसाहून वेगळा विचार होता. टेबलावर मांडलेल्या एका फळाऐवजी माणसाने आयुष्यभर केलेली उद्यानविद्येची सेवा तिथे तोलली जाते. हे दोन मापदंड, एका हंगामाचे फळ आणि आयुष्यभराची सेवा, पुढे महाराष्ट्रातल्या पुरस्कारांतही एकमेकांत मिसळलेले दिसतात.

स्वातंत्र्यानंतर पहिला मापदंड जिंकला. धान्याची टंचाई होती, आयातीवर देश जगत होता. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९४९-५० पासून पीक स्पर्धा सुरू केल्या आणि देशात सर्वाधिक उतारा काढणाऱ्याला कृषिपंडित ही पदवी दिली. गहू, भात, ज्वारी, बटाटा यांचे एकरी वजन हाच निकष. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी शेतकऱ्यांच्या संघटना आणि प्रदर्शने यांना मोठे बळ दिले. दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन त्यांच्याच कारकिर्दीतले. महाराष्ट्राचे पुरस्कार या मुळावर वाढले. शेतीनिष्ठ शेतकरी हा जुना सन्मान, १९८४ पासून कृषिभूषण, १९९५ पासून महिला शेतकऱ्यांसाठी जिजामाता कृषिभूषण, २००० पासून पंजाबरावांच्या नावाचा कृषिरत्न. पुढे सेंद्रिय शेती, उद्यानपंडित आणि युवा शेतकरी यांची भर पडली. वसंतराव नाईकांचे नाव यांतल्या अनेक पुरस्कारांना आहे. १९६३ ते १९७५ एवढा दीर्घ काळ मुख्यमंत्री राहिलेल्या नाईकांच्याच कारकिर्दीत १९७२ चा दुष्काळ आला, आणि मराठवाडा कृषी विद्यापीठही त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीत स्थापन झाले. २०१३ पासून त्या विद्यापीठालाही नाईकांचेच नाव आहे.

उद्यानपंडितासारखा वेगळा पुरस्कार लागण्याइतक्या फळबागा धाराशिवमध्ये फार जुन्या नाहीत. विहिरीच्या कडेची चार आंब्याची झाडे, बांधावरची चिंच-बोर, डोंगरातले रानसीताफळ, एवढेच फळशेतीचे रूप बराच काळ होते. चित्र पालटले ते १९९० साली, रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली तेव्हा. खड्डे खोदण्याची, रोप लावण्याची आणि झाड जगवण्याची मजुरी सरकारने द्यायची, मजूर म्हणून शेतकऱ्याने स्वतःच्याच शेतात राबायचे, आणि बाग मात्र त्याच्या मालकीची. त्याआधी राज्यात जेमतेम अडीच लाख हेक्टर फळबागा होत्या. पुढच्या काही दशकांत हे क्षेत्र कैक पटींनी वाढले. दुष्काळात खडी फोडायला लावणारी योजना आंबा, डाळिंब, बोर आणि सीताफळ लावायला वापरली जावी, ही महाराष्ट्राच्या कारभारातली खरोखर कल्पक गोष्ट. परंडा, भूम, वाशीच्या माळावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कलमी रोप परवडू लागले ते यामुळे.

द्राक्षाची वाट निराळी होती. ती सरकारी योजनेपेक्षा शेजारच्या सोलापुरातून आली, पाहुण्यारावळ्यांच्या बागा बघून, खुडलेल्या काड्या आणून. या वाटेवर बागायतदारांच्या गौरवाचा एक प्रकार भेटतो ज्याची नोंद कोणत्याही सरकारी यादीत नाही : वाणाला नाव देणे. कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन यांनी १८७० च्या दशकात वाढवलेली बिनबियांची वेल थॉम्पसन सीडलेस म्हणून जगभर गेली. हैदराबादेत अब्दुल बाकर खान यांच्या बागेतून पसरलेली अनाब-ए-शाही निजामी दरबाराची आठवण ठेवून आहे. पुण्याच्या गणेशखिंडीत काम करणारे उद्यानविद्या शास्त्रज्ञ जी. एस. चिमा यांच्या नावाने चिमा साहेबी हे द्राक्ष आले. डाळिंबाचा गणेश हा वाणही त्यांच्याच निवडीतून निघाला. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांच्या थॉम्पसनच्या बागेत वेगळ्या काडीवर सापडलेले वाण तास-ए-गणेश झाले. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण निवडले, आणि पुढे त्यांच्याच नावाचा नानासाहेब पर्पलही बागांत आला. नान्नज ते तुळजापूर हे अंतर फार नाही. तुळजापूर तालुक्यातला द्राक्षबागायतदार खरड छाटणीच्या आणि फळछाटणीच्या दिवसांत ही नावे दिवसातून कितीदा तरी उच्चारतो, त्यांतली निम्मी माणसांची आहेत हे त्याच्या ध्यानीमनी नसते. चांदीच्या ढालीला इतके आयुष्य नसते.

सीताफळाच्या बाबतीत हेच आणखी ठळक दिसते. धाराशिवला लागून असलेल्या बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ मल्हारी कसपटे यांनी निवडलेला एनएमके-१ गोल्डन हा वाण कमी बियांचा, जास्त गराचा आणि वाहतुकीत टिकणारा म्हणून राज्यभर लावला गेला. वाणाच्या नावातली अक्षरे त्यांच्या स्वतःच्या नावाची आद्याक्षरे आहेत. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने अशा शेतकऱ्याला पैदासकार म्हणून हक्क मागण्याची सोय झाली, आणि त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाचे प्लांट जिनोम सेव्हिअर हे पुरस्कार सुरू झाले. कसपटे या पुरस्काराचे मानकरी आहेत. बालाघाटाच्या उतारावर सीताफळ का रुजते, याचे उत्तर इथल्या प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. उन्हाळ्यात ते पाने टाकून निजून राहते, आणि त्याच्या पानाला शेळी तोंड लावत नाही. उस्मानाबादी शेळीच्या मुलखात ही दुसरी बाब काही लहान नव्हे. शेजारी अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

त्याच वर्षी मराठवाडा केसर आंब्यालाही मानांकन मिळाले. केसर मूळचा जुनागढचा. तिथल्या नवाबाने १९३४ साली गराचा रंग पाहून त्याला हे नाव दिल्याचे सांगतात. गिर केसरला २०११ मध्येच मानांकन होते. मराठवाड्याच्या उष्ण, कोरड्या हवेत आणि चुनखडीच्या जमिनीत तयार झालेल्या फळाची चव-साल वेगळी, म्हणून त्याचा दावा स्वतंत्र ठरला. मानांकन हा प्रदेशाचा गौरव आहे. त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर एका घरात लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याचा उपयोग करून घेणारे बागायतदार अजून थोडे आहेत.

व्यक्तीच्या गौरवाकडे परत यायचे तर उद्यानपंडिताची निवड कशी होते हे पाहावे लागते. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे दाखल होतो. सातबारा, आठ-अ, बागेचे क्षेत्र, वाण, उत्पादन, विक्री, ठिबक, शेततळे, प्रक्रिया, इतर शेतकऱ्यांना केलेले मार्गदर्शन अशी माहिती आणि तिचे पुरावे जोडावे लागतात. तिथून तो जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, विभागीय कृषी सहसंचालक, पुण्याचे कृषी आयुक्तालय अशा पायऱ्या चढतो. ज्याच्याकडे पावत्यांची फाइल नीट आहे त्याचा प्रस्ताव पुढे सरकतो, हे उघड आहे. फळबागेची कला जाणणारा आणि कागद सांभाळणारा हे दोन गुण एका माणसात असतीलच असे नाही. घरातला शिकलेला मुलगा किंवा ओळखीचा कृषी सहायक हे अंतर भरून काढतो.

२०२३ मध्ये शासनाने सगळ्या कृषी पुरस्कारांच्या रकमा चौपट केल्या. उद्यानपंडिताची रक्कम २५ हजारांवरून १ लाख रुपये झाली, शेतीनिष्ठची ११ हजारांवरून ४४ हजार, कृषिरत्नची ७५ हजारांवरून ३ लाख. एक एकर द्राक्षबाग मांडवासह उभी करण्याच्या खर्चापुढे लाख रुपये किरकोळच, पण पुरस्काराचे मोल रकमेत फारसे नसतेच. बँकेचा व्यवस्थापक खुर्ची देतो, रोपवाटिकेला गिऱ्हाईक येते, कृषी विभागाची सहल बांधावर उतरते, निविष्ठा विकणाऱ्या कंपन्या चर्चासत्राला बोलावतात. शेताचे प्रात्यक्षिक केंद्र होते. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनाही शेतकरी दाखवायला अशीच शेते लागतात.

खरी उणीव वेळेची आहे. २०१७, २०१८ आणि २०१९ या तीन वर्षांचे पुरस्कार मे २०२२ मध्ये नाशिकला एकत्र वाटले गेले; २०२०, २०२१ आणि २०२२ चे सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईत. कोकणातल्या हापूसच्या बागेला पाच वर्षांनी फरक पडत नाही. धाराशिवमध्ये पडतो. इथे पाच वर्षांत एक तरी मोठी ओढ येते आणि परीक्षकांनी पाहिलेली बाग सत्काराच्या दिवशी शेतात असेलच, याची हमी नसते. २०१२-१३ चा दुष्काळ, मग २०१४ आणि २०१५ ही लागोपाठची दोन अवर्षणे, यांत मराठवाड्यात मोसंबी-डाळिंबाच्या बागांवर कुऱ्हाडी चालल्या. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात धाराशिवचे बागायतदार टँकर विकत घेऊन झाडांच्या बुंध्याशी पाणी घालत होते. काहींनी फळ धरलेच नाही, बहार सोडून दिला आणि छाटणी करून नुसते खोड जगवले. ही कदाचित कोरडवाहू बागायतीतली सर्वांत अवघड कसोटी आहे, आणि हेक्टरी उत्पादनाच्या रकान्यात त्या वर्षी शून्य लिहिले जाते.

सरकारच्याच दुसऱ्या एका कागदावर मात्र जगलेल्या झाडाची किंमत नेमकी मांडलेली आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते, आणि पुढचा हप्ता हवा तर बागायती झाडे ९० टक्के, कोरडवाहू झाडे ८० टक्के जिवंत असावी लागतात. कोरडवाहूला दिलेली ही दहा टक्क्यांची सूट म्हणजे दुष्काळाची अधिकृत कबुलीच म्हणायची. पुरस्काराच्या निकषांत झाडे जगवण्याला असे ठळक स्थान मिळाले तर लातूर विभागातल्या स्पर्धेचा तोल बदलेल.

जिल्ह्याच्या वाट्याला आलेला सर्वांत दूरचा मान फळबागेला मिळालेला नाही. तो मिळाला भाजी, कडधान्ये आणि भरडधान्ये एकत्र घेणाऱ्या बायकांच्या एक एकराला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात औशाबरोबर उमरगा-लोहाऱ्याकडची गावेही उद्ध्वस्त झाली, आणि पुनर्वसनाच्या कामात प्रेमा गोपालन यांनी गावोगावच्या स्त्रियांना जोडले. त्यातून स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था वाढली. दुष्काळाच्या वर्षांत या संस्थेने सोयाबीन आणि उसाच्या एकपिकी शेतीला पर्याय म्हणून एक एकराची पद्धत रुजवली. घरच्या रानातला अर्धा-एक एकर तुकडा बाईने मागून घ्यायचा, त्यात थोड्या पाण्यावर येणारी अनेक पिके लावायची, गांडूळखत घरी करायचे, आधी घरचे ताट भरायचे आणि उरलेले बाजारात न्यायचे. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामाच्या आघाडीच्या कार्यकर्त्या. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार २०१७ साली या प्रयोगाला मिळाला आणि न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबरात त्याचे वितरण झाले. त्याच चळवळीत घडलेल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांना कुक्कुटपालन आणि स्त्रियांच्या उद्योगांबद्दल ८ मार्च २०२२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

या दोन सन्मानांत सातबाराचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला आहे. राज्याच्या पुरस्कारासाठी शेत अर्जदाराच्या नावावर असावे लागते; एक एकर कसणाऱ्या बहुतेक बायकांच्या नावावर जमीन नव्हती, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या जमिनीत त्यांनी शब्दावर वाटा मिळवला होता. जिजामाता पुरस्कार १९९५ पासून आहे, पण त्याचा अर्ज भरण्याइतका कागद या बायकांपैकी फार थोड्यांच्या हाती असतो. समूहाला दिल्या जाणाऱ्या इक्वेटर पुरस्काराला मालकीहक्काचा कागद लागला नाही. एक एकराच्या कामाने याच्या उलट दिशेचाही आग्रह धरला : काही घरांत तुकडा बाईच्या नावावर चढवून घेतला गेला, आणि मग कर्जापासून पीकविम्यापर्यंतच्या अर्जांवर तिची सही चालू लागली.

जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले. त्याआधीच्या सन्मानपत्रांवर उस्मानाबाद छापलेले आहे, आणि बागायतदारांच्या बैठकीच्या खोलीत ती अजून तशीच लटकत आहेत. कृषी विभागाच्या अर्जांवर आता धाराशिव येते. लातूर विभागातली जागा मात्र तीच, पाच जिल्ह्यांत एक.